मी नाही घातलं

८ ऑगस्ट, गुरुवार

चिंगे,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून हा कागद. दादा सांगत होता, वकिलाने तुला माझ्याशी एक अक्षर बोलायचं नाही असं बजावलंय. वाचायचं नाही असं बजावलं नसेल, तर वाच.

तुझी तक्रार पोचली. आमच्या दुभाष्यांच्या संस्थेच्या अध्यक्षबाईंनी मला बोलावून घेतलं आणि कागद हातात ठेवण्याआधी चहा पाजला, त्यावरूनच मी ओळखलं की काहीतरी वाईट आहे. ‘कर्णबधिर पेशंटबरोबर दुभाषी म्हणून आलेल्या व्यक्तीने संभाषणात स्वतःचं मत घुसडलं व डॉक्टरांची बदनामी केली, तरी तिचं ओळखपत्र रद्द करावं.’ व्यक्ती! तुझ्या डोक्यातल्या उवा काढल्या त्या व्यक्तीने. खाली तुझी सही, सहीखाली सगळ्या पदव्या ओळीने. सख्ख्या बहिणीविरुद्ध तक्रार करायला एवढ्या पदव्या लागतात होय गं?

दादाबरोबर पाठवलेला निरोपही मिळाला. बिचारा चपला न काढता दारातच उभा राहिला आणि पाठ केल्यासारखं बोलून गेला. मी ‘माझा गैरसमज झाला होता’ एवढं लिहून द्यायचं. मग तू तक्रार मागे घेणार, आणि तुझ्या ओळखीचा कोणी सर्जन माझ्या गालांतल्या गाठी गाजावाजा न करता काढून देणार. उत्तर ऐक. मी काही लिहून देणार नाही. माझा कसलाही गैरसमज झालेला नाही. गाठी कुणाकडून काढायच्या आणि काढायच्या की नाही, ते माझं मी बघीन. आणि गाजावाजा तर होणारच.

तुला वाटतंय मी सूड उगवतेय. तुझा दवाखाना बंद पाडून मला काय मिळणार आहे? मला एकच गोष्ट हवी आहे. तुझ्या त्या पेशंटच्या, माझ्या चष्मेवालीच्या गालात ते इंजेक्शन जाता कामा नये. तू तिला सव्वीस सप्टेंबरची तारीख दिली आहेस आणि दुसरी दुभाषी घेऊन ये म्हणाली आहेस, हे मला कळलंय. ती पोर कर्णबधिरांच्या शाळेत माझ्या वर्गात आली तेव्हा तिला स्वतःचं नाव सांगता येत नव्हतं, कारण तिच्याशी घरात कुणी बोललंच नव्हतं. आज चष्म्याच्या दुकानात भिंगं बसवते, मालकाशी भांडून सुट्टी घेते, मला नवा चष्मा घ्या म्हणून छळते. गालांवर मुरमांचे खड्डे आहेत तिच्या. आहेत, कोण नाही म्हणतंय? पण त्या खड्ड्यांत तू जे भरणार आहेस ते मी दोन्ही गालांत घेऊन फिरतेय, आणि तुला ते माहीत आहे.

निकाल लागेपर्यंत मी तिला भेटायचं नाही, असं संस्थेने मला सांगितलंय. तो नियम आहे आणि मी तो पाळतेय. तुला हा नियम ठाऊक होता ना? म्हणून तर तक्रार केलीस.

— ताई

१४ ऑगस्ट, बुधवार

चिंगे,

दादा म्हणाला, पत्र वाचून तू म्हणालीस की ताईला त्या दिवशी काय झालं ते नीट आठवत नाहीये. असं का? मग अध्यक्षबाईंपुढे जे सांगायचंय त्याची तालीम तुझ्यासमोरच करते. कुठे चुकलं तर टोक.

पहिली चूक माझीच. बहिणीच्या दवाखान्यात मी दुभाषी म्हणून जायला नको होतं. मी त्या पोरीला तसं सांगितलंही होतं. पण चष्मेवाली हट्टाला पेटली. म्हणाली, बाई, दुसऱ्या कुणासमोर मला माझ्या गालांबद्दल बोलायची लाज वाटते. आणि आत कुठेतरी असंही होतं की तीन वर्षांत मी तुला पाहिलेलं नव्हतं. तर आले.

तू टेबलामागे, ती समोर, आणि मी मधल्या खुर्चीत, तिला तू आणि मी दोघी दिसू अशी. सुरुवातीलाच मी तुला आमच्या कामाचा नियम सांगितला आणि तू मान डोलावलीस. दुभाषीला स्वतःचं ‘मी’ नसतं. डॉक्टर ‘मी’ म्हणाली की मी माझ्या छातीवर बोट ठेवते, आणि ते बोट म्हणजे डॉक्टर. पेशंटने ‘मी’ अशी खूण केली की मी तोंडाने ‘मी’ म्हणते, आणि ती ‘मी’ म्हणजे पेशंट. मला माझं काही बोलायचं असेल तर खुर्ची सोडून बाजूला उभं राहायचं, ‘आता मी स्वतः बोलतेय’ असं दोघींना सांगायचं आणि मगच तोंड उघडायचं. इतक्या वर्षांत मी एकदाही खुर्ची सोडली नव्हती. एका नवऱ्याने बायकोला माझ्या हातांनी शिव्या घातल्या, त्यासुद्धा मी सगळ्याच्या सगळ्या पोचवल्या आहेत.

तिने विचारलं, हे किती टिकतं. तू म्हणालीस, कायमचं. तिने विचारलं, सुरक्षित आहे ना. तू म्हणालीस, ‘शंभर टक्के. मी स्वतः कितीतरी जणींना दिलंय.’ मी छातीवर बोट ठेवलं आणि सांगितलं, मी कितीतरी जणींना दिलंय. माझ्या दोन्ही गालांत वाटाण्याएवढ्या गाठी, उजवीकडची तर उन्हात लालबुंद होते. आणि आमच्या खुणांच्या भाषेत गाल म्हणजे निम्मं व्याकरण आहे बाई. गाल फुगवले की वस्तू मोठी, आत ओढले की बारीक. शाळेत छोट्यांच्या वर्गात मी उंदीर सांगते तर पोरांना बोका दिसतो, आणि ती लोळून हसतात.

चष्मेवाली कधीची माझ्या गालांकडे बघत होती. शेवटी तिने माझ्याकडे बोट दाखवून तुला विचारलं. मी जसंच्या तसं बोलले, ‘बाईंच्या गालांत तुम्ही हेच घातलंय का?’ माझा आवाज तेव्हा चिरकला असेल, तर तेवढी चूक धर.

तू कॉम्प्युटरकडे बघत म्हणालीस, ‘नाही. मी नाही घातलं.’

आणि ऐक चिंगे, ते मी पोचवलं. नियमच आहे. बोट छातीवर. मी. घातलं. नाही. तुझं खोटं माझ्या हातांनी बोलले, सुबक बोलले, आणि ती पोर एकदम सैल झाली. हसली. मला म्हणाली, ‘माफ करा बाई, उगाच शंका घेतली.’

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तिला वाटलं ते ‘मी’ माझं आहे. बोट माझ्या छातीवर, गोष्ट माझ्या गालांची, मग तिने दुसरं काय समजायचं? मी ते घालून घेतलेलं नाही, असं बाईंनी स्वतः सांगितलं, एवढंच तिला दिसलं. डॉक्टरच्या शब्दावर तिने शंका घेतली असती. बाईंच्या शब्दावर ती पाच वर्षांची असल्यापासून कधी घेतलेली नाही.

म्हणून मी खुर्ची सोडली. भिंतीजवळ उभी राहिले. आधी तोंडाने, मग हातांनी सांगितलं की आता मी स्वतः बोलतेय. ‘मघाचं उत्तर डॉक्टरांचं होतं. माझं उत्तर, हो. हेच घातलंय. दोन्ही गालांत. हिनेच.’ यापुढे मी एक शब्द बोललेले नाही. तू तक्रारीत लिहिलंस की मत घुसडलं. मत कुठलं? माझे गाल आहेत ते.

मग तू ‘बाहेर हो’ म्हणून ओरडलीस आणि मी झाले. दार लावून तू तिला कागदावर लिहून समजावलंस की ताईला ग्रंथींचा जुना आजार आहे आणि मनात आकस आहे. हे तू दादाला सांगितलंस आणि त्याने मला, त्याच्या पोटात काही राहत नाही. आता ती पोर कात्रीत सापडली आहे. डॉक्टर खऱ्या की बाई खऱ्या? तारीख काही तिने रद्द केलेली नाही.

सांग, यात काय आठवलं नाही मला?

— ताई

३० ऑगस्ट, शुक्रवार

चिंगे,

‘शंभरात एखादीला होतं.’ तुझा नवा निरोप. म्हणजे आधी ग्रंथींचा आजार होता, आता शंभरात एक झाले. प्रगती आहे. मग ती एखादी कशी दिसते ते येणाऱ्या प्रत्येकीला दाखव ना! मी बसते तिथे, दिवसभर. बाकीच्या नव्व्याण्णव जणींना तरी तू पुन्हा कधी विचारलंयस का, की सगळं ठीक आहे ना? मलाच विचारलं नाहीस.

खोटं कशाला बोलू, मला हौस होती. आजारपणात गाल बसले होते, आरशात आपली आत्याच दिसायची. तू नवा दवाखाना थाटलास आणि म्हणालीस, ताई, पहिली तू बस. मी एका पायावर तयार. तुझ्या हाताखाली डोळे मिटून पडले होते आणि मनात केवढा अभिमान, आपली चिंगी डॉक्टर! पुढची काही वर्षं तर आरशासमोरून हलत नव्हते. लोक वय विचारायचे आणि मी खुशाल थापा मारायचे. ते सगळं कबूल.

मग दाढ किडली, जबडा सुजला, सूज उतरली आणि गाठी राहिल्या. तू फोनवर म्हणालीस, बर्फ लाव. मग म्हणालीस, चोळू नकोस. मग म्हणालीस, ‘ताई, तू चेहरा फार हलवतेस, त्याने सरकलं असणार.’ मी चेहरा हलवते! अगं, तो माझा धंदा आहे. सुतार हात फार हलवतो असं कुणी म्हणतं का? त्यानंतर तू फोन घेणंच सोडलंस.

मोठ्या हॉस्पिटलातल्या सर्जनांनी मला जे सांगितलं ते तुला नवीन नाही, तरी लिहिते, कारण त्या पोरीला तू यातलं काही सांगितलं नाहीस. म्हणाले, गालात भरायचं जे तात्पुरतं मिळतं ते कालांतराने जिरतं, आणि बिघडलंच तर ते विरघळवायचं इंजेक्शन असतं. तुमच्यातलं हे कायमचं आहे. प्लास्टिकचे बारीक मणी. विरघळत नाहीत, याला उतारा नाही. मांस त्यांच्याभोवती घट्ट होतं आणि कधी होईल ते सांगता येत नाही, महिन्यांनी होईल, नाहीतर आठ-दहा वर्षांनी. मी म्हटलं, मग काढून टाका. तर म्हणाले, तांदळातले खडे वेचावेत तसे हे वेचता येत नाहीत. मण्यांबरोबर मांसही निघेल, आणि गालातून जाणारी नस दुखावली तर एक बाजू लुळी पडू शकते. सध्या गाठींत औषध टोचून त्या थोड्या बसवतात, मी महिन्याआड जाते.

आता कळलं, तुझ्या त्या गुपचूप सर्जनला मी नाही का म्हणाले? गाठी राहिल्या तर माझा उंदीर बोका होईल, फार तर. नस गेली तर मी मुकी. गुळगुळीत, सुंदर आणि मुकी. तू माझा चेहरा एकदा कायमचा करून दिलास, तेवढं पुरे झालं.

— ताई

११ सप्टेंबर, बुधवार

चिंगे,

हे पत्र दादाला दाखवू नकोस. वकिलालाही नको.

सुनावणीची तयारी म्हणून मी त्या दिवसाची पुन्हा पुन्हा उजळणी करते. तुझं ‘नाही’ आठवते. आणि दर वेळी एकाच जागी अडखळते. मी चेहरे वाचून पोट भरते, तुला माहीत आहे. तू पूर्ण वेळ मास्क लावून होतीस. डॉक्टर आहे, लावणारच, म्हणून मी लक्ष दिलं नाही. पण आम्ही आत आलो तेव्हा तू तिच्याकडे बघून हसलीस. माणूस हसलं की गाल वर चढतो आणि डोळा बारीक होतो. मास्क असला तरी डोळा बारीक होतोच. तुझा उजवा झाला. डावा झाला नाही. मास्कच्या आत डावा गाल वर आलाच नाही, चिंगे.

दादाला मी आडून विचारलं. म्हणाला, ती हल्ली घरीसुद्धा मास्क लावते, सर्दीचं निमित्त सांगते, जेवायला आमच्यात बसत नाही.

तूही घालून घेतलंस ना? ज्या औषधावर एवढा विश्वास होता ते स्वतःला का नाही, असं वाटलं असणार तुला. मला राग यायला हवा. मी दोन दिवस रागवायचा प्रयत्न केला, भांडी आपटली, काही उपयोग झाला नाही. माझी चिंगी तोंड लपवून एकटी जेवते, एवढंच डोळ्यांसमोर येतं.

पण म्हणून मी नमतं घेईन असं समजू नकोस. उलट आता मला तुझी जास्तच चीड येते. स्वतःच्या गालात गाठ घेऊन तू त्या पोरीला ‘शंभर टक्के’ म्हणालीस! तुला घाबरायला झालंय हे मला समजतं. एकदा ‘हो’ म्हटलं की सगळ्याच जणींसाठी म्हणावं लागेल, हेही समजतं. तरी म्हण. सव्वीस तारखेच्या आत म्हण. सुनावणीला ये आणि तिथेच म्हण, मी तुझ्याविरुद्ध एक शब्द बोलणार नाही.

— ताई

२० सप्टेंबर, शुक्रवार

चिंगे,

तू आली नाहीस. वकील आला. सुटाबुटातला, घामाघूम झालेला. माझ्या गालांकडे बघायचं कसोशीने टाळत होता, त्यामुळे सगळा वेळ माझ्या कानांशीच बोलला.

दादा म्हणाला, माझ्या मागच्या पत्राला तुझं उत्तर ‘उगाच काहीतरी’ एवढंच आहे. ठीक.

अध्यक्षबाईंनी विचारलं, बहिणीच्या दवाखान्यात जायला नको होतं, हे मान्य आहे? म्हटलं, मान्य. दुभाषीने पेशंटला स्वतःबद्दल काही सांगायचं नसतं, हे मान्य? म्हटलं, मान्य. मग म्हणाल्या, पुन्हा असा प्रसंग आला तर? सगळे माझ्याकडे बघत होते. त्यांना ‘पुन्हा करणार नाही’ हवं होतं, त्यावर प्रकरण समज देऊन मिटलं असतं, अध्यक्षबाई डोळ्यांनी मला तेच सुचवत होत्या. मी म्हणाले, पुन्हा खुर्ची सोडीन. माझ्या हातांनी खोटं सांगितलं गेलं आणि पोरीने ते माझं समजून गिळलं, तर मी नियम कवटाळून बसणार नाही. तुमचा नियम चांगला आहे, मीच तो नव्या मुलींना शिकवते. पण माझ्या गालांना तो लागू नाही.

ओळखपत्र रद्द. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्या नाही. गळ्यातून काढून टेबलावर ठेवलं आणि निघाले.

जिन्यावर मात्र थांबले. एवढी वर्षं तेच केलं गं. कोर्टात, बँकेत, बाळंतपणाच्या खोलीत, दुसऱ्यांचं ‘मी’ बोलत राहिले. कठड्याला धरून उभी होते आणि एकदम हसायला आलं. अगदी मोठ्यांदा. गालातल्या गालात हसायची सोय तू ठेवली नाहीस ना! माझ्या लक्षात आलं की आता मी दुभाषी नाही. म्हणजे भेटायची बंदी नाही, गप्प बसायचा नियम नाही, मला वाटेल ते मी वाटेल त्याला सांगू शकते. हे तू करून दिलंस चिंगे. वकील लावून करून दिलंस.

तडक चष्म्याच्या दुकानात गेले. मला बघून ती काउंटर सोडून आली. बाकावर बसलो. मला वाटलं होतं, मी सांगेन आणि ती लगेच ऐकेल. ती म्हणाली, ‘बाई, तुम्ही बोलता तेव्हा लोक कानांनी ऐकतात. मी बोलते तेव्हा सगळे माझ्या तोंडाकडे बघतात. दिवसभर. माझ्या खड्ड्यांकडे बघत ऐकतात. तुम्हाला नाही कळणार.’ मलाही बसलेले गाल नकोच होते की. मग मी तिला करू नकोस म्हणाले नाही. तिचं बोट घेतलं आणि उजव्या गाठीवर ठेवलं, मग डावीकडच्या. सर्जनांनी सांगितलेलं सगळं सांगितलं. तुझं ‘नाही’ आणि माझं ‘हो’ यातलं कुठलं ‘मी’ कुणाचं होतं, तेही नीट सांगितलं.

तिने हातातलं चष्म्याचं भिंग पुसून ठेवलं. मग म्हणाली, मी डॉक्टरांना परत एकदा विचारीन. तुम्ही सोबत या, पण मध्ये बोलू नका.

तर सव्वीस तारखेला येतेय. गप्प बसणार आहे, तिला शब्द दिलाय.

— ताई

२६ सप्टेंबर, गुरुवार. तुझ्या दवाखान्याची बाहेरची खोली

चिंगे,

दार उघडत नाहीस, म्हणून हे दाराखालून सरकवतेय. कागद-पेन तुझ्या रिसेप्शनवालीचं. तिला ओरडू नकोस, मी मागून घेतलं.

हे सगळं मी ठरवून केलं असं तुला वाटत असणार. शपथेवर सांगते, नाही. दुसऱ्या दुभाषीला ताप आला, ती आलीच नाही. मी कोपऱ्यात पर्स मांडीवर घेऊन बसले होते. तू बाहेर आलीस, मला बघून थबकलीस. चष्मेवालीने उठून फोन तुझ्यासमोर धरला. तिने काय लिहिलं होतं ते मीही तेव्हाच वाचलं. ‘बाईंच्या गालांत तुम्ही हेच घातलं होतं का?’ मोठ्या अक्षरांत, खोलीत नंबर लावून बसलेल्या तिघी बायकांना वाचता येईल असं.

तू मास्कमधून काहीतरी बोललीस. तिने मान हलवली आणि स्वतःच्या ओठांसमोरून बोट खाली ओढलं. मास्क खाली करा, ओठ दिसत नाहीत. हे ती बसच्या कंडक्टरपासून बँकेतल्या साहेबापर्यंत सगळ्यांना करते. तिच्या मनात दुसरं काही नव्हतं.

तू माझ्याकडे पाहिलंस. ‘ताई, सांग तिला.’ किती दिवसांनी तुझ्या तोंडून ताई ऐकलं. मी हात मांडीवरून उचलले नाहीत. ‘मी आता दुभाषी नाही गं. तूच सांग,’ म्हणाले. तू आत निघून जाऊ शकली असतीस, कुणी अडवलं नसतं.

तू मास्क खाली केलास. म्हणालीस, ‘हो.’

हो म्हणताना ओठांचा गोल होतो, तो कुणालाही वाचता येतो. तुझा एका बाजूनेच झाला. तिघी बायका तुझ्या गालाकडे बघत राहिल्या. आणि त्या पोरीने, जिला तू फसवणार होतीस त्या पोरीने, दोन बोटं स्वतःच्या गालावर टेकवून भुवया वर केल्या. दुखतं? त्याचा अर्थ तुला सांगायची वेळ आली नाही, तू मान डोलावलीस. एवढ्या वर्षांत मला तू हे विचारलं नाहीस म्हणून मी किती जळफळले होते. आज कळलं, तुला तरी कोण विचारत होतं.

ती गेली, कामावर उशीर होत होता. तारीख तिने रद्द केली. जाताना मला बजावून गेली की डॉक्टरांना एकटं सोडून जाऊ नका. दोघी बायका पर्सा उचलून निघून गेल्या. तिसरी अजून इथेच आहे, मला हजार प्रश्न विचारतेय आणि मी सांगतेय.

आता ऐक. तक्रार मागे घ्यायला धावू नकोस, मला ते ओळखपत्र परत नको. कपाटातली ती सगळी इंजेक्शनं आज माझ्यासमोर बाहेर निघतील. ज्या ज्या बायकांना दिलीस त्या सगळ्यांना फोन करायचे. तू बोलायचं, तुझ्या तोंडाने, मी शेजारी बसेन. वकील नको म्हणाला तरी करायचे. मोठ्या हॉस्पिटलातल्या सर्जनांची मंगळवारची वेळ मी आत्ताच घेतली आहे, दोघींची. नंबर माझा पहिला, मी मोठी आहे.

मी इथून हलत नाहीये. कडी काढ.

— ताई